वर्गाबाहेरून दिलेला निकाल : टूसॉनच्या मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रमाचे प्रकरण

ॲरिझोना राज्यातील टूसॉन हे शहर जागचे न हलता एका देशातून दुसऱ्या देशात गेले. १८५३ च्या अखेरीस झालेल्या गॅड्सडेन करारान्वये अमेरिकेने मेक्सिकोकडून एक कोटी डॉलरला जो भूभाग विकत घेतला, त्यात हे शहर होते. आज तेथे राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांपैकी बहुतेकांचे पूर्वज त्यानंतर आले हे खरे असले, तरी ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडले’ हे त्यांच्यात रूढ असलेले वाक्य या शहराच्या बाबतीत नुसती घोषणा राहत नाही. मग शाळेत शिकवला जाणारा ‘अमेरिकेचा इतिहास’ नेमका कोठून सुरू करायचा, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांपासून की येथे आधीपासून असलेल्या माणसांपासून, हा प्रश्न टूसॉनमध्ये केव्हा ना केव्हा उभा राहणारच होता. तो उभा राहिला, विधिमंडळात गेला, तेथून न्यायालयात गेला आणि त्याचा निकाल लागायला २०१७ साल उजाडले. अमेरिकन शाळांतील बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या वादात असंख्य लेख आणि भाषणे झाली आहेत. परंतु दोन्ही बाजूंना शपथेवर साक्ष द्यावी लागली आणि एकेका विधानाचा पुरावा मागितला गेला, अशी प्रकरणे थोडीच आहेत. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला आधी एक व्यवस्था समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे बालभारतीचे पुस्तक राज्यभर एकच असते आणि वाद झाला तर तो मुंबई-पुण्यात होतो. अमेरिकेत शाळांचा कारभार स्थानिक शाळा-जिल्ह्यांकडे असतो. प्रत्येक जिल्ह्याचे मंडळ मतदारांनी निवडलेले असते आणि राज्याच्या चौकटीत राहून कोणते विषय, कोणती पुस्तके आणि कोणते ऐच्छिक अभ्यासक्रम ठेवायचे हे बरेचसे तेच ठरवते. राज्याच्या हाती निधीची दोरी असते. ॲरिझोनात तर राज्याचा सार्वजनिक शिक्षण अधीक्षक हाही थेट निवडून येणारा, पक्षाच्या तिकिटावर लढणारा पुढारी असतो. टूसॉनच्या प्रकरणात या दोन निवडून आलेल्या सत्ता समोरासमोर आल्या. शिवाय एक तिसरी सत्ता तेथे आधीपासून हजर होती. टूसॉनच्या शाळांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळे आणि दुय्यम वागवले जाते, असे दावे पालकांनी १९७४ साली दाखल केले होते. १९७८ मध्ये त्यांत तडजोड झाली आणि तेव्हापासून हा शाळा-जिल्हा फेडरल न्यायालयाच्या देखरेखीखाली होता. म्हणजे अल्पसंख्य मुलांसाठी काय करता, याचा जाब जिल्ह्याला न्यायालयापुढे द्यावा लागत होता, आणि जे केले त्याबद्दल दंडाची भीती राज्याकडून होती.

१९९८ मध्ये या जिल्ह्याने मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याआधीपासून कृष्णवर्णीय, मूळनिवासी आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांसाठीचे विभाग होतेच. नव्या विभागाचे वैशिष्ट्य असे की, उच्च माध्यमिक वर्गांत तो जादा तास घेऊन थांबला नाही. अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था आणि साहित्य हे शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी आवश्यक असलेले विषयच त्याने मेक्सिकन-अमेरिकन दृष्टिकोनातून शिकवले आणि त्या तासांचे गुण मूळ विषयाचे गुण म्हणून धरले जात. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे एक प्रमुख अभ्यासक जेम्स बँक्स यांनी फार पूर्वी एक भेद करून ठेवला आहे : मूळ पाठ्यक्रम तसाच ठेवून त्यात एखादा सण, एखादा थोर पुरुष आणि एखादा खाद्यपदार्थ जोडणे वेगळे, आणि पाठ्यक्रमाची बैठकच बदलून एकाच घटनेकडे अनेक समूहांच्या जागेवरून पाहायला लावणे वेगळे. पहिल्या प्रकाराला अमेरिकेत क्वचितच कोणी हरकत घेतो. मे महिन्यात शाळेत मेक्सिकन नृत्य बसवले म्हणून कोणी विधेयक आणत नाही. टूसॉनचा विभाग दुसऱ्या प्रकारचा होता, आणि माझ्या मते पुढील सगळ्या संघर्षाचे बीज या एका गोष्टीत आहे.

एक भाषण आणि त्याचे पडसाद

एप्रिल २००६ मध्ये शेतमजुरांच्या चळवळीतील ज्येष्ठ नेत्या डोलोरेस वेर्ता टूसॉनच्या एका उच्च माध्यमिक शाळेत बोलायला आल्या. स्थलांतरितांविरुद्धच्या प्रस्तावित कायद्यावरून तेव्हा देशभर मोर्चे निघत होते. त्या भाषणात ‘रिपब्लिकनांना लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांचा द्वेष वाटतो’ असे वाक्य त्यांनी उच्चारले. सार्वजनिक शाळेत, मुलांपुढे, एका पक्षाबद्दल असे सरसकट विधान करणे अनुचितच होते, आणि त्याबद्दल शिक्षण अधीक्षकांनी नाराजी व्यक्त केली असती तर ती योग्यच ठरली असती. त्या वेळचे अधीक्षक टॉम हॉर्न हे रिपब्लिकन होते. उत्तर म्हणून त्यांनी आपल्या उपअधीक्षक मार्गारेट गार्सिया डुगन यांना, ज्या स्वतः लॅटिना आणि रिपब्लिकन होत्या, त्याच शाळेत भाषणाला पाठवले. विद्यार्थ्यांना थेट प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. काही विद्यार्थ्यांनी तोंडावर चिकटपट्टी लावली, पाठ फिरवली, मुठी उंचावल्या आणि ते सभागृहातून निघून गेले.

हॉर्न यांनी या उद्धटपणाचे मूळ मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाच्या वर्गांत शोधले. जून २००७ मध्ये टूसॉनच्या नागरिकांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी हा विभाग बंद करण्याची मागणी केली. त्या पत्रातील युक्तिवाद हलक्यात काढण्यासारखा नाही. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात आपण स्वतः सहभागी झालो होतो, माणसाची पारख त्वचेच्या रंगावरून न करता त्याच्या चारित्र्यावरून व्हावी हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे म्हणणे आपण तेथे ऐकले, आणि म्हणून मुलांना वंशाच्या गटांत वाटून शिकवणे आपल्याला मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. शाळेने मुलाला घरातून आणलेल्या ओळखीपलीकडे नेऊन सामायिक नागरिकत्वात आणावे, हा विचार अमेरिकेत केवळ उजव्या बाजूचा नाही. १९९१ मध्ये आर्थर श्लेसिंजर यांच्यासारख्या उदारमतवादी इतिहासकारानेही वांशिक ओळखीवर उभारलेल्या शिक्षणामुळे देशाचे तुकडे पडतील, असा इशारा दिला होता.

तथापि हॉर्न यांनी ज्या वर्गांविषयी हे लिहिले, त्यांतील एकाही वर्गात ते कधी जाऊन बसले नाहीत. त्यांचा आक्षेप पुस्तकांतील निवडक उताऱ्यांवर, काही शिक्षकांच्या तक्रारींवर आणि विभागाच्या नावावर होता. विभागाच्या नावात तेव्हा ‘रासा’ हा स्पॅनिश शब्द होता. हॉर्न यांनी त्याचा अर्थ सरळ ‘वंश’ असा घेतला. स्पॅनिश बोलणाऱ्या घरात तो शब्द ‘आपली माणसे’ या अर्थाने, बराचसा आपण ‘आपले लोक’ म्हणतो तसा, उच्चारला जातो. एका शब्दाचा कोशातला अर्थ आणि घरातला अर्थ यांतील हे अंतर पुढे न्यायालयाच्या निकालपत्रापर्यंत पोहोचले.

चार मनाया

२००८ आणि २००९ मधील प्रयत्न फसल्यावर २०१० मध्ये विधेयक २२८१ मंजूर झाले आणि ११ मे रोजी राज्यपाल जॅन ब्रूअर यांनी त्यावर सही केली. त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी, पोलिसांना स्थलांतराची कागदपत्रे तपासण्याचा अधिकार देणाऱ्या वादग्रस्त कायद्यावर त्यांनी सही केली होती. नव्या कायद्याने शाळा-जिल्ह्यांना चार प्रकारचे अभ्यासक्रम मना केले : अमेरिकेचे सरकार उलथवण्यास प्रोत्साहन देणारे, एखाद्या वंशाविषयी किंवा समाजवर्गाविषयी रोष वाढवणारे, मुख्यतः एकाच वांशिक गटाच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले, आणि विद्यार्थ्यांना व्यक्ती म्हणून वागवण्याऐवजी वांशिक एकजुटीचा पुरस्कार करणारे. उल्लंघन झाल्यास राज्याच्या मासिक निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम रोखता येणार होती, जी टूसॉनच्या बाबतीत वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर भरली असती.

यातील दुसऱ्या कलमापाशी थोडे थांबले पाहिजे. ‘रोष’ कसा मोजायचा? ॲरिझोनाच्याच इतिहासातले उदाहरण घ्यावे. जुलै १९१७ मध्ये बिझबी या खाणगावात संप करणाऱ्या हजारांहून अधिक कामगारांना, ज्यांत मेक्सिकन वंशाचे कामगार मोठ्या संख्येने होते, शस्त्रधारी टोळ्यांनी पकडून गुरांच्या डब्यांत कोंबले आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. ही घटना कितीही संयत शब्दांत सांगितली, तरी ऐकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला राग येणारच. तो राग पाठाचा दोष मानायचा की घटनेचा? कायद्यानेच वांशिक अत्याचारांचा, नाझी नरसंहाराचा इतिहास शिकवण्यास आडकाठी नाही असे म्हटले होते, त्यामुळे सगळा भार शिकवण्याच्या सुरावर येऊन पडत होता. आणि सूर कळायला वर्गात बसावे लागते.

पाहणी झाली, पण

हॉर्न यांची अधीक्षकपदाची मुदत संपत आली होती; ते राज्याचे महाधिवक्ता म्हणून निवडून आले होते. कायदा ३१ डिसेंबर २०१० पासून लागू होणार होता. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० डिसेंबरला, टूसॉनचा मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास विभाग कायद्याचे उल्लंघन करतो, असा निष्कर्ष त्यांनी लेखी नोंदवला. अजून अंमलात न आलेल्या कायद्याचा भंग झाल्याचा हा निर्णय होता. जिल्ह्यातील कृष्णवर्णीय, मूळनिवासी आणि आशियाई विभागांबाबत असा निष्कर्ष काढला गेला नाही.

त्यांच्या जागी आलेले जॉन हपेंथाल हे आमदार असताना एकदा या वर्गांपैकी एका वर्गात जाऊन आले होते आणि भिंतीवरच्या चे गव्हेराच्या चित्राचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. अधीक्षक झाल्यावर त्यांनी मात्र एक रीतसर गोष्ट केली : केंबियम लर्निंग या बाहेरच्या संस्थेकडून विभागाची पाहणी करवून घेतली. या संपूर्ण प्रकरणात राज्याच्या वतीने कोणी वर्गावर्गात जाऊन, मुलांशी आणि शिक्षकांशी बोलून, शिकवणे पाहून नोंदी केल्याचा हा एकमेव प्रसंग. मे २०११ मधील अहवालाने कायद्याचा भंग दर्शवणारा पुरावा आढळला नाही असे सांगितले आणि हे अभ्यासक्रम मूळ विषयांचा भाग म्हणून चालू ठेवावेत, अशी शिफारस केली. अहवाल निव्वळ प्रशंसेचा नव्हता; काही पाठ्यघटकांत राजकीय आणि चळवळी कल असलेला मजकूर गरजेपेक्षा जास्त आहे, असेही त्यात नोंदवले होते. शहाण्या प्रशासनाने ते घटक सुधारायला सांगून प्रकरण मिटवले असते. हपेंथाल यांनी जूनमध्ये अहवाल बाजूला ठेवला आणि उल्लंघन झाल्याचे जाहीर केले.

जिल्ह्याने प्रशासकीय न्यायाधीशांकडे अपील केले. डिसेंबर २०११ च्या निर्णयात त्यांनी राज्याची बाजू उचलून धरली. अत्याचाराचा इतिहास वस्तुनिष्ठपणे शिकवणे आणि तो पक्षपाती, राजकीय व भावना चेतवणाऱ्या पद्धतीने मांडणे यांत फरक आहे, आणि टूसॉनमध्ये दुसरे घडत होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा फरक तत्त्वतः मला मान्य आहे. पण तो वर्गात काय घडते त्यावर ठरायला हवा होता, आणि येथे मुख्य भर पुस्तकांतल्या उताऱ्यांवर राहिला.

त्याआधी एप्रिल २०११ मध्ये, हे तास मूळ विषयाऐवजी केवळ ऐच्छिक ठरवण्याचा प्रस्ताव मंडळापुढे येणार होता, त्या दिवशी काही विद्यार्थ्यांनी सभागृहात शिरून सदस्यांच्या खुर्च्यांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले आणि सभा होऊ दिली नाही. या कृतीमुळे विभागाच्या विरोधकांना हवा तो दाखला मिळाला हे नाकारता येणार नाही. समर्थकांनी तिच्यात नागरिकशास्त्राचा उत्तम परिणाम पाहिला.

१० जानेवारी २०१२ रोजी मंडळाने ४ विरुद्ध १ मतांनी विभागाचे तास स्थगित केले. विरोधी मत ॲडेलिटा ग्रिहाल्वा यांचे होते. बाकीच्या चौघांपुढे दीड कोटी डॉलरचा प्रश्न होता. त्यांच्या मनात अभ्यासक्रमाविषयी काय होते ते गौण ठरले. पुढच्या दिवसांत सात पुस्तके वर्गांतून काढून खोक्यांत भरून गोदामात ठेवण्यात आली, काही ठिकाणी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांत ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे आणि इतिहासकार रोडोल्फो अकुन्या यांची पुस्तके होती. जिल्ह्याचे म्हणणे होते की ही बंदी नव्हे, ग्रंथालयात प्रती उपलब्ध आहेत. शब्दशः ते बरोबर होते. पण ज्या मुलाने पुस्तक उघडलेले असताना ते खोक्यात जाताना पाहिले, त्याला या फरकाचे समाधान वाटले नसणार. दोन महिन्यांत ह्यूस्टनहून लेखक-कार्यकर्त्यांचा एक तांडा ‘पुस्तकांचे तस्कर’ असे विनोदी नाव घेऊन, तीच पुस्तके गाड्यांत भरून टूसॉनला पोहोचला.

खटला

विभागातील शिक्षकांनी ऑक्टोबर २०१० मध्येच फेडरल न्यायालयात दावा लावला होता. शिक्षकांना दाव्याचा अधिकार नाही असे ठरल्यावर तो विद्यार्थ्यांच्या नावाने पुढे चालला. न्यायाधीश होते वॉलेस ताशिमा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबले गेले, तेव्हा कॅलिफोर्नियातून नेऊन ज्या पोस्टन छावणीत त्यांचे बालपण बंदिस्त झाले, ती याच ॲरिझोनात होती. या योगायोगावरून निकालाचे स्पष्टीकरण देण्याचा मोह टाळावा, कारण ताशिमा यांचा पहिला निकाल बहुतांशी राज्याच्या बाजूचा होता. मार्च २०१३ मध्ये त्यांनी ‘मुख्यतः एकाच वांशिक गटासाठी आखलेले’ हे तिसरे कलम तेवढे घटनाबाह्य ठरवले आणि बाकीचा कायदा वैध मानला.

जुलै २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने कायद्याच्या शब्दांविषयीचे हे मत बव्हंशी कायम ठेवले, परंतु कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता का, हा प्रश्न पुराव्यानिशी तपासला गेलाच पाहिजे, असे सांगून प्रकरण परत पाठवले. मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट उघड झाली होती. हपेंथाल हे टोपणनावांनी ब्लॉगांवर प्रतिक्रिया लिहीत असत, हे २०१४ मध्ये बाहेर आले. त्यांत त्यांनी स्पॅनिश रेडिओ, स्पॅनिश फलक, स्पॅनिश दूरचित्रवाणी, स्पॅनिश वृत्तपत्रे काहीच नको असे लिहिले होते आणि मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाची तुलना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेशी केली होती. त्यांनी अश्रू ढाळत माफी मागितली. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले.

२०१७ च्या उन्हाळ्यात साक्षी झाल्या आणि २२ ऑगस्टला ताशिमा यांनी निकाल दिला : कायदा करताना आणि राबवताना अधिकाऱ्यांच्या मनात वांशिक आकस होता, राजकीय लाभाचा हेतू होता, आणि त्यामुळे घटनेच्या पहिल्या (अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या) व चौदाव्या (समान वागणुकीच्या) दुरुस्तीने विद्यार्थ्यांना दिलेल्या हक्कांचा भंग झाला. ‘रासा’, ‘अमेरिकाविरोधी’, ‘कम्युनिस्ट’ हे शब्द मेक्सिकन वंशाच्या माणसांकडे बोट दाखवण्यासाठी सांकेतिक खुणांसारखे वापरले गेले, असे न्यायालयाला आढळले. केंबियमचा अहवाल का डावलला, याचे पटणारे उत्तर राज्याला देता आले नाही. ॲरिझोना विद्यापीठातील नोलन कब्रेरा आणि सहकाऱ्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही न्यायालयापुढे होता. हे तास घेणारे विद्यार्थी आधीच्या गुणांत इतरांहून मागे असूनही राज्याच्या परीक्षा उत्तीर्ण होण्याचे आणि शाळा पूर्ण करण्याचे त्यांचे प्रमाण तशाच इतर विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होते, असे त्यात दिसले. विद्यार्थी हे तास स्वतः निवडत असल्यामुळे या निष्कर्षाला मर्यादा आहेत. पण हुशार मुलेच तेथे जात असत हा सोपा आक्षेप त्याने नक्कीच निकालात काढला. डिसेंबर २०१७ मध्ये कायद्याच्या अंमलबजावणीला कायमची मनाई झाली.

निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला म्हणून बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या वादाचा निवाडा झाला, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. न्यायालयाने हेतू तपासला. अशा अभ्यासक्रमाने एकोपा वाढतो की दुरावा, हे त्याने ठरवले नाही आणि ते त्याचे कामही नव्हते. हॉर्न यांच्या २००७ च्या पत्रातील जो प्रामाणिक प्रश्न होता, तो त्यांच्याच कायद्याने वाया घालवला, कारण कायदा एका विभागाला डोळ्यांपुढे ठेवून बेतला गेला आणि पाहणीचे उत्तर नावडते निघताच पाहणी फेकून दिली गेली. कायद्याची भाषा मात्र मागे उरली. २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमाने आणि २०२२ मध्ये फ्लोरिडाने वर्गात वंशाविषयी काय बोलावे यावर जे निर्बंध आणले, त्यांच्या शब्दांत टूसॉनचे प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतात.

दुसऱ्या बाजूलाही परिणाम झाला, आणि तो बंदी घालणाऱ्यांच्या अपेक्षेबाहेरचा होता. लॉस एंजेलिसच्या शाळा-जिल्ह्याने २०१४ मध्ये वांशिक अभ्यास हा विषय शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी आवश्यक करण्याचे ठरवले आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभरासाठी तसा कायदा केला. तेथे मग कोणत्या समूहाचा इतिहास घ्यायचा आणि तो कोणी सांगायचा यावरून समूहासमूहांत ओढाताण सुरू झाली. हा अनुभव भारतीयांनाही नवा नाही. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सहावीच्या पुस्तकांत प्राचीन भारत, जातिव्यवस्था आणि स्त्रियांचे स्थान कसे दाखवावे यावरून काही हिंदू संघटनांनी बदल सुचवले, तेव्हा त्यांना सर्वांत ठाम विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाचे अभ्यासक आणि दलित संघटनाही होत्या. आपल्या समाजाचा इतिहास म्हणताना ‘आपला समाज’ म्हणजे कोण, हे तेथेही आधी ठरवावे लागले.

टूसॉनमध्ये वर्ग पूर्वीच्या नावाने परत आले नाहीत. शाळांतील वर्णभेद निवारणाच्या जुन्या दाव्यात २०१३ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या आराखड्यानुसार जिल्ह्याला ‘सांस्कृतिकदृष्ट्या सुसंगत’ असे अभ्यासक्रम सुरू करावे लागले, म्हणजे राज्याने जे मना केले त्याच्याशी नाते सांगणारे काही फेडरल आदेशाने आवश्यक झाले. त्याच वर्षी मंडळाने ती सात पुस्तके पूरक वाचनासाठी पुन्हा मंजूर केली. २०१२ मध्ये एकटीने विरोधी मत देणाऱ्या ॲडेलिटा ग्रिहाल्वा २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेल्या. टॉम हॉर्न २०२२ ची निवडणूक जिंकून आपल्या जुन्या अधीक्षकपदावर परतले, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी शाळेत आक्षेपार्ह काही शिकवले जात असल्यास पालकांनी कळवावे म्हणून तक्रारीचा एक दूरध्वनी क्रमांक सुरू केला.